मुकादम पायऱ्या चढतो

३ फेब्रुवारी

दादाने आज पुन्हा विचारलं, "छोटी, डब्यावर 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' असं लिहायला नक्की काय लागतं?"

मी म्हटलं, "आधी सिद्ध व्हावं लागतं."

तो हसला. वहिनी हसली नाही, कारण डब्याचं चित्र तिने करून ठेवलंय आणि ते दोन शब्द त्यात चांगले बोटभर उंचीचे आहेत.

दादाचा कारखाना कुत्र्यांसाठी वड्या करतो. सांध्यांची वडी, केसांची वडी, पोटाची वडी. खाली कारखाना, पहिल्या मजल्यावर दादा, वहिनी आणि बाबा, आणि गच्चीलगतच्या खोलीत मी. मी इथली 'तांत्रिक सल्लागार'. म्हणजे कोणत्या घटकावर जगात काय संशोधन झालंय ते वाचायचं आणि डब्यावर काय लिहिलं तर चालेल ते सांगायचं. आधी मी औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होते. ती बंद पडली तेव्हा दोन बॅगा आणि एक कुत्रा घेऊन 'दोन महिन्यांसाठी' दादाकडे आले. चौथं वर्ष चालू आहे. बॅगा पलंगाखाली आहेत. कुठल्याही साबणाने धुतले तरी केसांना यकृताच्या पुडीचा वास येतो.

गेला आठवडाभर सांध्यांच्या वडीतल्या एकेका घटकाच्या मागे लागले होते. ग्लुकोसामाइनवरचे निबंध जावाजावांसारखे भांडतात. एक म्हणतो गुण आला, दुसरा म्हणतो कसला गुण. आणि एक गोष्ट डोळ्यांत भरते, चाचणी जितकी काटेकोर तितका गुण कमी. शिंपल्यांच्या पुडीचं कधी हो, कधी नाही. हळदीचा अर्क पोटातून रक्तात उतरायलाच नाखूश. त्यातल्या त्यात माशाच्या तेलाची बाजू बरी आहे, पण त्याला मात्रा भरपूर लागते आणि आपल्या वडीत ते नावापुरतं.

मी दादाला सरळ सांगितलं, "आपली वडी काम करते की नाही, मला माहीत नाही. तपासून बघू या."

"बघ ना मग," तो म्हणाला. "तुला कोणी अडवलंय?"

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात. मी टाळी वाजवायच्या आधी पोळी तपासायला निघालेय. बरं वाटतंय. खूप दिवसांनी स्वतःचं असं काही काम आहे.

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं ठरवलं. माझ्या कुत्र्याचं दुखणंखुपणं त्याच बघतात. चोवीस कुत्री, सगळी सांधे झिजलेली. निम्म्यांना खरी वडी, निम्म्यांना कोरी. कोऱ्या वडीत यकृताची पूड तीच, रंग तोच, फक्त औषधी म्हणावं असं काही नाही. कोणता डबा कुणाला गेला हे एकट्या कंपाउंडरला माहीत. मला नाही, बाईंना नाही, मालकांना तर नाहीच.

मोजमाप दोन प्रकारचं. मालकांनी दर आठवड्याला प्रश्नांची उत्तरं द्यायची, चालतो कसा, बसून उठतो कसा, पायऱ्या चढतो का. आणि बाईंनी महिन्याला एकदा कुत्र्याला दोन वजनकाट्यांवर उभं करायचं. घरी न्हाणीघरात असतात तसलेच साधे काटे, मागचा डावा पाय एकावर, उजवा दुसऱ्यावर. जो पाय दुखतो त्यावर भार कमी पडतो. काट्याला लाज नाही आणि लोभही नाही.

वेदनाशामक गोळी दोन महिने बंद, हा नियम मी घातला. नाहीतर गुण कशाचा, कळणार कसं? बाईंनी त्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली, कुत्र्याला जास्त दुखतंय असं मालकाला वाटलं तर त्याच दिवशी चाचणीतून बाहेर काढून गोळी सुरू करायची. मी म्हटलं, "अर्थात." दार उघडंच ठेवलंय म्हणजे.

तेवीस कुत्री मिळाली. चोविसावा मुकादम.

मुकादम माझा, पण हल्ली जास्त बाबांचा. अकरा वर्षांचा, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. रोज सकाळी खाली पॅकिंगच्या खोलीत जाऊन एकेका टेबलाखाली हुंगून येतो, बायका कामाला लागल्यात ना हे बघितल्यासारखा, म्हणून हे नाव. उजव्या खुब्याचा सांधा झिजलाय. बाईंनी दिलेली गोळी त्याला रोज चालू होती. जवळजवळ पूर्ण पट्टी उरलीय. ती आज कपाटात ठेवून दिली.

२० फेब्रुवारी

आजपासून वड्या सुरू. मुकादमाने पहिली वडी न चावताच गिळली आणि दुसरीसाठी बाबांकडे असं बघितलं की बाबा म्हणाले, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ते हेच का गं?"

"आंधळी चाचणी म्हणतात तिला, बाबा."

"तेच म्हणतोय मी."

वडी रोज सकाळी बाबाच देणार. ते सहाला उठतात.

२८ फेब्रुवारी

पहिला आठवडा. प्रश्नांचा कागद बाबांना वाचून दाखवला, फिरायला तेच नेतात म्हणून.

"पायऱ्या चढताना अडचण?"

"नाही."

"बसून उठताना?"

बाबांनी जरा विचार केला. "सावकाश उठतो. मीही सावकाशच उठतो."

'थोडी' वर खूण केली. फार वाढवून लिहायचं नाही असं मी ठरवलंय. पण मला स्वतःला फरक वाटतोय, नाही का? काल माझ्याकडे बघून शेपूट हलवली त्यात काही वेगळं होतं. लगेच स्वतःला दटावलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे. ही गोष्ट सगळ्या मालकांना समजावून सांगणारी मीच.

७ मार्च

दादा जेवताना म्हणाला, "काय म्हणतात तुझे चोवीस पेशंट?" मी म्हटलं, काही सांगता येणार नाही. तो म्हणाला, "नुसतं हो किंवा नाही सांग." मी म्हटलं, मलाच माहीत नाही, हाच तर मुद्दा आहे. वहिनी म्हणाली, "पैसे खर्चून आपल्याच घरात आपल्याला न कळणारी गोष्ट चाललीय."

दादा वाईट माणूस नाही. मी आले त्या दिवशी त्याने एक प्रश्न विचारला नाही, गच्चीलगतच्या खोलीला रंग देऊन घेतला. खाली पॅकिंगला चौदा बायका आहेत, त्यांच्या घरात कोण आजारी, कुणाच्या मुलीची परीक्षा, त्याला सगळं माहीत असतं. तो वाईट असता तर बरं झालं असतं. त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

१४ मार्च

आता मात्र लिहितेच. मुकादम सुधारतोय.

बाबा आणि तो सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतात. पूर्वी ते परत यायच्या आत माझा चहा, अंघोळ, पेपर सगळं व्हायचं. गेले काही दिवस माझा चहा निवायच्या आत दोघं परत! चाल केवढी वाढली असेल. मी बाबांना म्हटलंसुद्धा. ते जोडे काढत म्हणाले, "हं. टाकीकडे खोदून ठेवलंय जरा." आणि मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

शिवाय तो शांत झालाय. माल न्यायला टेम्पो आला की आधी जिना डोक्यावर घ्यायचा, आता डोकं उचलून बघतो आणि पुन्हा झोपतो. वयाबरोबर समज आली म्हणायची.

एकच खटकतं. पूर्वी रोज सकाळी वर येऊन माझं दार नखांनी खरवडायचा. तेच माझं घड्याळ होतं. हल्ली येत नाही. साहजिक आहे, त्याच वेळी खाली बाबा वडी देतात. आधी पोटोबा, मग मी. रुसायचं कारण नाही, पण रुसलेय.

२१ मार्च

काट्यांचा दिवस. डॉक्टरीणबाईंनी मुकादमाला उभं केलं, दोन्ही आकडे स्वतःशी टिपून घेतले. आकडे मला सांगायचे नाहीत असं आमचं ठरलंय. पण मग त्यांनी कान खाजवत विचारलं, "दुखतंय का त्याला जास्त? तुम्हाला काय वाटतं?"

"छे. उलट चाल वाढलीय त्याची. पायऱ्यांना अडचण नाही."

"नक्की?"

"मी रोज बघते ना, बाई."

त्या म्हणाल्या, "आकडा मी सांगू शकत नाही. पण तुम्ही म्हणालात तर आजच्या आज गोळी सुरू करू. एक कुत्रा कमी झाल्याने चाचणी बुडत नाही."

मला जरा रागच आला. चाचणी माझी, कुत्राही माझा. कुणी माझ्यावर विश्वास ठेवत नसल्यासारखं विचारतं तेव्हा माझा आवाज चढतो. मी म्हटलं, "मला दिसलं असतं हो."

परत येताना तो रस्त्यात दोनदा बसला. ऊन होतं.

२७ मार्च

वहिनीने मुकादमाचा फोटो काढला. कारखान्याच्या दारात, उभा कान उजेडात आलाय. मी विचारलं, कशासाठी? "डब्यावर. आपलाच कुत्रा आहे, परकं तोंड कशाला?" फोटोखाली लिहिलंय, 'आमचा मुकादम, वय अकरा, पुन्हा ताजातवाना.'

मी म्हटलं, चाचणी संपली नाही अजून. दादा म्हणाला, "छापखान्याची पाळी गेली तर पुन्हा दोन महिने थांबावं लागेल. आणि तूच म्हणालीस ना परवा, चाल वाढली म्हणून?"

म्हणाले होते. जेवताना. आनंदात. माझ्याच तोंडचं वाक्य त्याने माझ्यापुढे वाढलं. 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' हे तरी निकाल लागेपर्यंत घालू नका, एवढं कबूल करून घेतलं. वहिनी म्हणाली, "बरं बाई, ती जागा कोरी ठेवते."

खोलीत आल्यावर पलंगाखालच्या बॅगा ओढून काढल्या. एकीची चेन गंजलीय, उघडेना. पुन्हा आत सारल्या.

५ एप्रिल

मालकांचे फोन. एकजण म्हणतो, "आमचा तर उड्या मारतोय, अजून एक डबा मिळेल का?" चोवीस जणांत तक्रार जेमतेम चार-पाच जणांची. मला आतून गुदगुल्या होतात. मी नाही म्हणत होते आणि ती वडी खरंच काम करत असेल तर? मग दादाही खरा, मीही खरी, आणि या घरात कुणाला कुणापासून काही लपवायला नको. इतकं साधं होऊ शकतं.

बाबांनी मुकादमाचं अंथरूण स्वतःच्या पलंगाजवळ आणलंय. आधी जिन्याजवळ असायचं. "रात्री सोबत होते," म्हणाले. हे एक बरं झालं, बाबांना करमत नव्हतं.

२० एप्रिल

शेवटचा दिवस. सगळ्यांचे काटे झाले. आज मुकादमाला बाबा घेऊन गेले, मी कागद जुळवत होते. आले ते रिक्षाने. "चालत का नाही आलात?" "पाय दुखले," बाबा म्हणाले. कुणाचे, ते मी विचारलं नाही.

२३ एप्रिल

कसं लिहू?

दवाखान्यात कंपाउंडरने डब्यांचे आकडे वाचले आणि आम्ही कागद दोन ढिगांत लावले. खरी वडी खाणारे बारा, त्यातल्या नऊ मालकांना फरक दिसला. नऊ! मी टेबलावर हात आपटला. मग दुसरा ढीग. कोरी वडी खाणारे बारा. दहा मालकांना फरक दिसला.

बाईंनी काट्यांचे आकडे काढले. खरी वडी असो की कोरी, दोन्हीकडे मागचे पाय होते तिथेच. काहींचं थोडं वर, काहींचं थोडं खाली. वडीने काही केलं नव्हतं. डोळ्यांनी केलं होतं, मालकांच्या.

इथपर्यंत मला सोसलं. शास्त्र म्हणून तर मला हे आधीपासून माहीत होतं. मालक आशेने बघतो, कुत्रा बोलत नाही, रिकाम्या जागी आपण आपलंच बोलणं ऐकतो. मी म्हटलं, "आणि मुकादम?"

कंपाउंडर म्हणाला, "सतरा नंबर. कोरी."

काट्यावर त्याचा उजवा पाय पहिल्या दिवशीपेक्षा निम्माच भार घेत होता. चोविसांत सगळ्यात जास्त उतरलेला तोच. पहिल्या महिन्यातच उतरला होता. बाईंनी विचारलं होतं तेव्हा.

"मी जास्त जोर करायला हवा होता," बाई म्हणाल्या.

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मी त्यासमोर उभी राहून सांगत होते की आत छान आहे.

तिथेच रक्त तपासायला दिलं. यकृत आणि मूत्रपिंड ठीक असतील तर उद्यापासून गोळी, पोट भरल्यावर. घरी येऊन कपाटातली पट्टी काढली. नवी कोरी चकचकीत. दोन महिने ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. काखेत कळसा म्हणतात, तसा.

मी रडले. मुकादम अंथरुणावरून उठला नाही, फक्त शेपूट एकदा जमिनीवर आपटली.

२४ एप्रिल

रक्त ठीक. सकाळी खाणं झाल्यावर पहिली गोळी दिली.

मग बाबांसमोर बसले. "बाबा, तुम्ही टाकीपर्यंत जात होतात ना?"

"नाही. पहिल्या वळणावरून परत. त्याला जमत नव्हतं."

"आणि पायऱ्या? तुम्ही म्हणालात अडचण नाही."

"वर मी उचलून आणायचो. चढतच नव्हता, मग अडचण कसली?" बाबा चष्मा पुसू लागले. "तू विचारलंस चढताना अडचण आहे का. मी म्हटलं नाही. खोटं नाही बोललो."

"पण मला सांगायचं नाही का?"

त्यांनी चष्मा उजेडाकडे धरून बघितला. "तू खूश होतीस गं. इथे आल्यापासून पहिल्यांदा जेवताना बोलत होतीस. मला वाटलं, तुला कळत असणार. शिकलेली आहेस, काट्यांवर बघतेयस. मी म्हातारा, मला आपलं वाटतंय काहीतरी."

बाबांवर चिडावं की त्यांच्या गळ्यात पडावं, कळेना. शेवटी दोघांसाठी चहा केला.

२६ एप्रिल

निकाल दादापुढे ठेवला. दोन ढीग शेजारी शेजारी मांडून, लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याला सगळं कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो म्हणाला, "म्हणजे चोवीसपैकी एकोणीस मालकांना फरक दिसला."

"दादा, त्यातल्या दहांनी नुसती यकृताची पूड खाऊ घातली होती."

"पण फरक दिसला ना त्यांना?"

"दिसला. झाला नाही."

"मी झाला असं लिहीतच नाही." त्याने वहिनीला हाक मारली. "ती कोरी जागा आहे ना, तिथे स्टिकर लाव. 'चाचणीत चोवीसपैकी एकोणीस मालकांना फरक दिसला.' छोटी, यात खोटं काय आहे? एक शब्द दाखव, काढून टाकतो."

मी वाक्य वाचलं. परत वाचलं. एकही शब्द खोटा नाही.

"आणि फोटो?" मी म्हटलं. "मुकादम कोरी वडी खात होता. त्याचं दुखणं वाढलं."

त्याचा चेहरा उतरला. मुकादम त्याचाही लाडका आहे. "गोळी सुरू केलीस ना? मग होईल बरा. डबे छापून झालेत, छोटी. खाली चौदा जणी आहेत." मग हळूच, "तू आता कंपनीत आहेस, प्रयोगशाळेत नाहीस."

मी म्हटलं, "माझं नाव त्यावर येता कामा नये."

"तुझं नाव कुठे आहे त्यावर?" वहिनी म्हणाली.

खरंच नव्हतं. मी ज्यावरून हटणार होते, तिथे मी नव्हतेच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडून सांगितलं तर खालच्या बायकांच्या पोटावर पाय, नाही सांगितलं तर कुणाच्या तरी घरी एखादा मुकादम पहिल्या वळणावरून परत येणार आणि घरचे म्हणणार, बघा, चाल वाढली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर खोलीत येऊन नोकऱ्यांच्या जाहिराती बघितल्या. माझ्या वयाचं, माझ्या कामाचं काही नाही. बाबांना इथे सोडून जायचं तर तेही जमत नाही.

एक केलं. तेवीस मालकांना स्वतः फोन लावले. तुमच्या कुत्र्याला दुखत असेल, डॉक्टरांना दाखवा, गोळी सुरू करा. बहुतेकांनी ऐकून घेतलं. उड्या मारणारा म्हणाला, "अहो पण आमचा तर मस्त आहे! डबा कधी येतोय?" त्याला मी विचारलं, पायऱ्या चढतो का? तो म्हणाला, "आम्ही तळमजल्यावर राहतो."

३० एप्रिल

बाबा आज टाकीपर्यंत गेले नाहीत, पण दुसऱ्या वळणापर्यंत गेले. माझा चहा पार थंड झाला. मी तसाच प्यायले. इतका चांगला चहा मी क्वचितच प्यायलेय.

आनंद झाला की लगेच भीती वाटते. हे तरी खरं दिसतंय का? आता डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. दुपारी त्याला बाईंकडे नेऊन काट्यांवर उभं केलं. उजव्या पायावर भार वाढलाय, पहिल्या दिवशीइतका. बाईंनी या वेळी आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला.

४ मे

सकाळी गोळीची पट्टी हातात घेऊन दार उघडलं, खाली जाऊन मुकादमाला खायला घालायचं होतं. तर जिन्यात खालून नखांचा आवाज.

तो येत होता. एकेक पायरी, थांबून, मागचा भाग थोडा तिरका करून, पण येत होता. उभा कान वर, पडलेला कान पडलेला. मधल्या वळणावर थांबून धापा टाकल्या आणि पुन्हा निघाला. मी वरच्या पायरीवरच बसले. "ये," म्हटलं, "ये माझ्या राजा."

त्याच्या मागे बाबा, कठड्याला धरून. त्यांचा चेहरा उजळला होता. "बघ," म्हणाले, "शेवटी लागू पडल्या की नाही तुझ्या वड्या? मी बंद नव्हत्या केल्या. रोज देत होतो."

मी काही बोलायच्या आत खालून दादा धावत आला. हातात मोबाइल धरलेला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, हे मी लिहून ठेवते, कारण ते खरं आहे. "थांबवू नका त्याला, येऊ दे," तो म्हणाला, आणि मोबाइल वर धरला. मग, "छोटी, जरा बाजूला हो, मध्ये येतेयस."

मी हलले नाही. मुकादमासाठी दोन्ही हात पुढे केले होते, उजव्या हातात गोळ्यांची पट्टी होती. ती मी तशीच धरून ठेवली, मोबाइलकडे तोंड करून, नाव नीट वाचता येईल अशी. दादाने बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. त्याने मोबाइल खाली घेतला नाही.

६ मे

व्हिडिओ आला. वहिनीने पाठवला, खाली एक हसरं तोंड. एका दिवसात इतक्या लोकांनी बघितला की दादा जेवायला बसेना.

मी तो तीनदा बघितला. सुंदर आलाय. सकाळचा उजेड, जिना, मुकादम एकेक पायरी चढतो. वरच्या पायरीवर मी आहे, गुडघ्यांपर्यंत. त्याच्या वरचं सगळं कापलंय. तो माझ्या पायांपाशी येतो आणि पायांवर डोकं ठेवतो. मग सांध्यांच्या वडीचा डबा येतो.

खालच्या बायका मला म्हणाल्या, "ताई, तुमचे पाय दिसले हो व्हिडिओत!"

पट्टी संपत आलीय. उद्या बाईंकडून नवी आणायची.